आमची वाटचाल : जुन्या स्पीकरचा मूळ आवाज राखताना

आमच्या वर्कशॉपची सुरुवात वूफरच्या, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, कडेचा फोम बदलण्यापासून झाली, आणि आजही सर्वांत जास्त काम तेच येते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या स्पीकरच्या कडेचा पॉलियुरेथेन फोम हवेतल्या ओलाव्याने विरतो. स्पीकर वाजवला नाही, कपाटावर नुसता ठेवला, तरीही.

सुरुवातीला आम्ही इंदूरच्या बाजारात मिळेल ती आठ इंची कड लावत असू. माप बसायचे, आवाज बसत नसे. कड कडक असली की वूफरचा रेझोनन्स (पडदा ज्या सुरावर आपसूक जास्त हलतो तो) वर सरकतो, समजा 30 हर्ट्झचा 40 होतो. बंद पेटीत आतल्या हवेचीच स्प्रिंग मुख्य असते, तिथे फरक कमी पडतो. पोर्टच्या, म्हणजे हवेला भोक ठेवलेल्या, पेटीचे मात्र सगळे गणित बिघडते. म्हणून आता फोमच्या जागी जड रबर बसवत नाही. जेबीएल एल-100 सारख्या स्पीकरची कड मुळात कापडी असते, ती शाबूत असेल तर हात लावत नाही.

चिकटवण्याची घाई सर्वांत महाग पडते. जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढायचा, पडद्याच्या मधली टोपी ब्लेडने कापायची, कॉइल (पडदा हलवणारी तारेची गुंडाळी) आणि चुंबकाच्या मधल्या खांबाच्या फटीत चार बाजूंनी पातळ प्लास्टिकच्या पट्ट्या सरकवायच्या. मग पाण्यावर आधारलेला, सावकाश सुकणारा गोंद: आधी पडद्याला, दुसऱ्या दिवशी फ्रेमला. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने कड एक मिलिमीटर जरी सरकली, तरी ती सुधारता येत नाही आणि कॉइल घासू लागते. 24 तासांनी पट्ट्या काढून 30 हर्ट्झचा सूर हळू वाजवतो. खरखर नसेल तरच टोपी परत बसवतो.

आमची खरी समजूत बदलली ती क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे वरचे आणि खालचे सूर वेगवेगळ्या स्पीकरकडे वाटणाऱ्या सर्किटमध्ये. जुने बायपोलर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काढून पॉलिप्रॉपिलीनचे (प्लास्टिक फिल्मचे) घातले की ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर, कानाला टोचू लागतो, आणि ग्राहक त्याला ‘स्पष्ट’ म्हणतो. कारण साधे आहे: जुन्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध मूळ रचनेत धरलेला असतो. मूल्य तेच ठेवून अर्धा ओहम, पाच वॅटचा रेझिस्टर मालिकेत जोडला की समतोल परत येतो. मोजताना कपॅसिटरचा एक पाय सोडवायलाच हवा, नाहीतर आकडा खोटा येतो.

एआर-3ए या जुन्या स्पीकरमध्ये ट्वीटर बंद आला, तर आधी मागचे लेव्हलचे पॉट (आवाज कमी-जास्त करायची फिरकी) उघडतो. आत गंज चढतो. ट्वीटर बहुधा ठीक निघतो.

ध्रुवता, म्हणजे धन-ऋण टोके, तपासायला दीड व्होल्टचा सेल पुरतो. धन टोक लाल खुणेला लावले की पडदा बाहेर येतो, पण जुन्या जेबीएलमध्ये तो आत जातो. ते बिघाड समजून तारा उलटवू नका.

बाहेरगावाहून काम पाठवताना वूफर पेटीतून काढूनच पाठवा, पडद्यावर पुठ्ठा बांधा, आणि विरलेला फोम खरवडू नका. मूळ कडेची रुंदी आणि व्यास आम्हाला त्याच अवशेषांवरून मोजावे लागतात.