मला हरकत आहे

जाते. रोज जाते.

उत्तर आधीच देऊन टाकलं, कारण हा प्रश्न विचारणाऱ्यांना पुढचं ऐकायला सहसा वेळ नसतो. लग्नात, गणपतीत, ऑफिसात डबा उघडताना, जिन्यात खालच्या मजल्यावरचे काका भेटले की, सगळीकडे तेच: "काय गं, तुम्ही ती आरेवाली पोरं ना? मग आता मेट्रोने जातेस की नाही?" आणि वर एक छोटीशी फोडणी: "शेवटी झाडं गेलीच. उपयोग काय झाला?" आरे म्हणजे मुंबईत गोरेगावची आरे कॉलनी; तिथली झाडं मेट्रोच्या कारशेडसाठी कापू नका म्हणून 2019 मध्ये आम्ही उभे राहिलो होतो. विचारताना चेहऱ्यावर कॅरममध्ये राणी घेतल्याचा आनंद असतो. जिन्यात एवढं सगळं बोलता येत नाही. म्हणून इथे नीट सांगते.

मी जोगेश्वरी पूर्वेला राहते, बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, एका सीए फर्ममध्ये नोकरी करते. घरून रिक्षाने आरे-जेव्हीएलआर स्टेशन, तिथून थेट बीकेसी. पूर्वी लोकलने बांद्रा आणि मग स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग. ऑफिसात पोचेपर्यंत कुडत्याचं पोतेरं व्हायचं. मेट्रो मला आवडते. 2019 मध्येही हवीच होती. मेट्रो नको असं आमच्यातलं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. भांडण कारशेडच्या जागेचं होतं. गाड्या रात्री कुठे उभ्या करायच्या, धुवायच्या, दुरुस्त करायच्या, एवढ्यापुरतं. घराला मोरी हवी हे मान्य, पण ती देवघरात कशाला, असा साधा वाद. तो "मेट्रो विरुद्ध झाडं" असा कधी झाला ते कळलंच नाही, आणि आमच्या वयाच्या पोरांना ते निस्तरता आलं नाही, हेही खरं.

एक गोष्ट मात्र तेव्हा मला धड कळत नव्हती, आता कळते. पर्यावरण दोन्ही बाजूंना होतं. मेट्रोमुळे रस्त्यावरच्या गाड्या कमी होतील, धूर कमी होईल, हे समोरचे लोक सांगत होते आणि त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या बाजूने मिठी नदी होती. ती विहार-पवई तलावांच्या खालून निघते आणि जागा तिच्याच पाणलोटातली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला तेव्हा मिठीने काय केलं ते मुंबईत कुणाला सांगावं लागत नाही. मी सहा वर्षांची होते. बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले, चप्पल नव्हती. नदीकाठच्या जमिनीवर काँक्रीट नको, हे मला कुठल्या पुस्तकातून कळलेलं नाही.

आता ती रात्र. 4 ऑक्टोबर 2019, शुक्रवार. सकाळी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या होत्या. मी टीवायबीकॉमला. नवरात्र चालू होतं आणि मी घरी "गरब्याला जाते" सांगून निघाले, कारण तोपर्यंत खरंच गरब्याला निघाले होते. नऊच्या सुमारास ग्रुपवर मेसेज आला, झाडं कापायला लागलेत. तशीच घागऱ्यात रिक्षात बसले. बॅरिकेडपाशी पोचले तेव्हा शंभरेक पोरं असतील. आत काही दिसत नव्हतं, करवतीचा आवाज तेवढा येत होता. मध्येच तो थांबायचा, एक करकर, मग धप्प. थोड्या वेळाने वास. ओल्या लाकडाचा वास इतका ताजा असतो की पहिल्यांदा मला तो चांगला वाटला, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. दूर कुठल्यातरी मैदानात गरब्याची गाणी चालूच होती.

दुसऱ्या दिवशी जमावबंदी लागली. 29 जणांना अटक झाली, त्यांत विद्यार्थीही होते. मी नव्हते. साडेबाराला आईचा फोन आला आणि मी घरी गेले. हे मुद्दाम सांगते, कारण "आरेवाली" म्हटलं की लोकांना मी झाडाला साखळीने बांधून घेतलेली दिसते. माझ्या नावावर एक फाटलेला घागरा आहे, बस.

रविवारी कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. दसऱ्याची सुट्टी असूनही सर्वोच्च न्यायालयाचं खास खंडपीठ सोमवारी, 7 तारखेला बसलं आणि तोडणी थांबवायला सांगितलं. तोपर्यंत 2,141 झाडं कापून झाली होती. मंगळवारी दसरा. शेजारच्या काकू आपट्याची पानं घेऊन आल्या, "सोनं घ्या." मी घेतलं. दुसरं काय करणार?

पुढचं तुम्ही पेपरात वाचलंय. 2020 मध्ये कारशेड कांजूरला न्यायचं ठरलं, त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयाने त्या जमिनीच्या हस्तांतराला स्थगिती दिली, 2022 मध्ये सरकार बदललं आणि कारशेड परत आरेत. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेट्रो महामंडळाला 10 लाखांचा दंड केला, कारण 84 झाडांची परवानगी असताना 177 झाडांसाठी अर्ज गेला होता. त्याच आदेशात ती 177 तोडायची परवानगीही दिली. मध्यंतरी आरेतली 812 एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली, हे मात्र काकांना कुणी सांगितलेलं नसतं. आणि या मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं 5 ऑक्टोबर 2024 ला. ती रात्र उजाडली त्याला बरोबर पाच वर्षं. तारीख कुणी मुद्दाम निवडली असेल असं नाही. पण मी तारखांची नोकरी करते, माझ्या लक्षात राहतं.

मग उपयोग काय झाला?

'हरकत' हा शब्द आपण कसा वापरतो बघा. पाहुणे उशिरा आले, काही हरकत नाही. चहात साखर कमी, हरकत नाही. लोकलमध्ये कुणी पायावर पाय दिला तरी, हरकत नाही. हरकत 'आहे' असं म्हणताना मी माझ्या घरात कुणालाच ऐकलं नव्हतं. 2019 च्या उन्हाळ्यात मी ते पहिल्यांदा लिहिलं, आरेच्या झाडांसाठी, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला. इंग्रजीतला तयार मेल फिरत होता, तो चिकटवला आणि पाठवला. आईने विचारलं, काय लिहिलंयस? मला सांगता येईना. तेव्हा पुन्हा मराठीत लिहिलं. आईने वाचलं, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि खाली स्वतःची सही केली. हजारो लोकांनी हरकती घेतल्या होत्या. 29 ऑगस्टला प्राधिकरणाने तोडणीला मंजुरी दिली. पण लिहायचं कसं हे आम्हाला कळलं ते कळलंच.

1975 चा झाडांचा कायदा आहे. त्याखाली झाड तोडायचं तर नोटीस लावावी लागते आणि लोकांना हरकत घेता येते. ही नोटीस तुम्ही शंभरदा पाहिली असेल. बुंध्याला चिकटवलेला कागद, पावसाने शाई पसरलेली. 'सदर वृक्ष', 'बाधित', 'पुनर्रोपण', 'विहित मुदतीत'. कॉमर्सवालीला ही भाषा परकी नाही. आयकराच्या नोटिसा याहून रुक्ष असतात. अशा नोटिसा पाहून हरकती लिहायचा आमचा एक ग्रुप झाला. तेव्हा आम्ही नऊ जण होतो, आता पाच उरलोत, शिवाय आठवी-नववीची चार पोरं. काम फार कंटाळवाणं आहे. रोजच्या रस्त्यावर नोटीस दिसली की फोटो काढायचा, झाड खरंच कागदात लिहिलेलंच आहे का बघायचं (एकदा कागदावर 'सुबाभूळ' होतं आणि समोर धडधडीत उंबर), मोजायचं, हरकत लिहायची, पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हे मी सगळ्यांना बजावते. दहातल्या आठ वेळा काही होत नाही. उरलेल्या दोनदा तोडणीची छाटणी होते, नाहीतर पाइपलाइन दोन फूट सरकते. याचे फोटो चांगले येत नाहीत.

फोटो चांगले येतात ते खिळ्यांचे. झाडांना ठोकलेले क्लासेसचे, पॅकर्स-मूव्हर्सचे, मूळव्याधीचे बोर्ड काढायचे आणि मग पकडीने एकेक खिळा उपसायचा. पहिल्या रविवारी दीड किलो खिळे निघाले. भंगारवाल्याने जे दिलं त्यात दोन वडापाव आले. आम्ही सात जण. एक बोर्ड मी दहावीला ज्या क्लासला होते त्यांचाच होता. सरांना फोन केला तर म्हणाले, "बेटा, तू फार नाव काढलंस." बोर्ड कुणी लावला ते त्यांना माहीत नव्हतं म्हणे. कॉलेजची पोरं कधीकधी येतात, एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) 120 तास भरायला. मी सही देते. काही परत येतात.

आता एक अवघड गोष्ट. सप्टेंबर 2019 मध्ये रविवारी आरेतल्या पिकनिक पॉइंटला आम्ही मानवी साखळी करायचो. तिथे पाड्यातली एक मुलगी उभी असायची, दहावीतली. आरेत 27 आदिवासी पाडे आहेत. ती हसत म्हणाली, "ताई, तुम्ही रविवारीच येता." मी म्हटलं, बाकीचे दिवस कॉलेज असतं. तर म्हणाली, "आमच्या घरी लाइट नाय. त्याच्या हरकतीचा फॉर्म कुठे भेटतो?" माझ्या हातात पाटी होती, इंग्रजीत, हिरव्या रंगात. ती मी खाली धरली. पुढे दोन-तीन महिने तिच्याबरोबर बसून अर्ज लिहिले. जमलं थोडं, बरंचसं नाही. जंगल वाचवायचं म्हणजे तिथे कुणी राहतच नाही असं धरून चालायचं, ही आमची सवय तिने मोडली.

2021 च्या पावसाळ्याअखेरीस आरेत बिबट्याचे हल्ले झाले तेव्हा हीच मुलगी आणि तिच्या वयाची पोरं संध्याकाळी घरोघर फिरत होती. मूल एकटं शौचाला पाठवू नका, अंधारात फोनवर गाणं लावून चाला, कचरा उघड्यावर टाकू नका. कचऱ्यावर कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. मी कितीतरी भाषणं ऐकलीत, 'तरुणांनी पुढे यायला हवं' वगैरे. ही साखळी इतक्या सरळ कुणी सांगितली नव्हती. ती आमच्या ग्रुपमध्ये नाही. तिचा वेगळा आहे, पाड्यातल्या मुलींचा. त्यांचे विषय पाणी, संडास आणि रस्त्यावरचे दिवे. मला सुरुवातीला वाटायचं, ही आमच्यात का येत नाही? आता वाटतं, आपण त्यांच्यात का जात नाही. जुलैत ती शेवळं ही रानभाजी पाठवते आणि तिच्यात काकडं, ती आंबट रानफळं, टाकायची आठवण करते, नाहीतर घसा खाजतो.

काकांना एवढं ऐकून वाटेल, पोरगी फार कामाची. तर मागच्या सप्टेंबरचं सांगते. 30 तारीख टॅक्स ऑडिटची शेवटची, ऑफिसात रात्रीचे दहा वाजत होते. आमच्या रिक्षा स्टँडजवळच्या पर्जन्यवृक्षावर नोटीस लागली. मी पाहिली, फोटो काढला, रात्री लिहू म्हटलं. त्या रात्री नाही, दुसऱ्याही नाही. बाकीच्यांना वाटलं, ताईचंच झाड आहे, ताई लिहील. मुदत गेली. एका गुरुवारी संध्याकाळी स्टँडवर उतरले तर भर पावसाळ्यात तिथे लख्ख उजेड होता. रिक्षावाले प्लास्टिक बांधत होते. एक म्हणाला, "मॅडम, सावली गेली." तक्रार नव्हती त्याची, बातमी सांगत होता.

आठवीतला आमचा एक शिलेदार दोन दिवस बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, तू तर तारखांचीच नोकरी करतेस ना?"

याला काय उत्तर देणार? काकांच्या प्रश्नाला तरी मी "जाते" म्हणते.

तेव्हापासून झाडांच्या तारखा मी ऑफिसच्या डायरीतच लिहिते, क्लायंटच्या करांच्या तारखांच्या ओळीत. या महिन्याचं पान असं आहे: 7, टीडीएस. 11, जीएसटीआर-वन. 14, सोनमोहर, शाळेच्या गेटजवळ, हरकतीचा शेवटचा दिवस. 20, थ्री-बी. सोनमोहराची हरकत 9 तारखेलाच दिली, पोच घेतली. सरांनी डायरी चाळताना विचारलं, हा सोनमोहर कोण नवीन क्लायंट?

सुनावणी पुढच्या गुरुवारी साडेअकराला, भायखळ्याला राणीच्या बागेतल्या उद्यान खात्याच्या ऑफिसात. अर्धी रजा टाकलीय. मेट्रो भायखळ्याला जात नाही. कुर्ल्याहून लोकल पकडणार.