उसाचा मध

कोल्हापूरच्या माणसाला फेट्याला इलॅस्टिक बघवत नाही. तो पोरगा वीस-बावीस वर्षांचा असेल. अंगात पायघोळ झगा, झग्याखालून जीन्स डोकावतेय, आणि डोक्यावर तयार शिवलेला जांभळा फेटा, मागून इलॅस्टिकनं आवळलेला. गिऱ्हाईक नसलं की तो फेटा काढून स्टुलावर ठेवायचा आणि मोबाईल बघत बसायचा. कुणी समोर आलं की पुन्हा टोपीसारखा चढवायचा. वडिलांना रोज फेटा बांधताना बघत मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे माझे हात शिवशिवत होते. पण मला त्याची भाषा येत नव्हती आणि भाचीनं डोळे वटारले होते.

हे सगळं चाललं होतं स्पेनच्या दक्षिणेला, फ्रिखिलियाना नावाच्या गावात. मालागा प्रांतातलं, समुद्रकाठच्या नेर्खाहून सहा किलोमीटर वर डोंगरात वसलेलं, तीनेक हजार वस्तीचं गाव. घरं एकजात चुन्यानं पांढरी, आणि गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून खेचर आलं तर आपण कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढायचं. भाची मालागात नोकरी करते. "मावशी, आज तुला अरबस्तानात नेते," असं म्हणून तिनं मला बसमध्ये घातलं. ऑगस्टच्या अखेरीस चार दिवस तिथे 'तीन संस्कृतींचा उत्सव' असतो. ख्रिस्ती, ज्यू आणि मुसलमान. नाव तिघांचं, पण बाजारात चलती अरबस्तानाचीच.

गल्लोगल्ली ठेले मांडलेले. वर रंगीत कापडांची छतं, धुपाचा वास, आणि डफ-सनई घेऊन फिरणारी एक टोळी. (त्यांची सनई आपल्यापेक्षा जरा चिडकी वाटली.) मसाल्यांचे शंकूसारखे ढीग लांबून बघितले आणि महालक्ष्मीच्या देवळाबाहेरची हळदीकुंकवाची दुकानं आठवली. जवळ गेले तर एका पिवळ्या ढिगावर पाटी खोचलेली: 'करी'. पितळी दिवे, चामड्याच्या पिशव्या, खजूर, मधात बुडवलेली मिठाई, पुदिन्याचा चहा, मेंदीचे कोन. आणि या सगळ्याच्या मधोमध एका भल्यामोठ्या शेगडीवर चोरिसो चरचरत होते. चोरिसो म्हणजे डुकराच्या मांसाची सॉसेजं. तीन संस्कृतींपैकी दोघींना जे वर्ज्य ते तिसरीच्या शेगडीवर, आणि सगळ्यात लांब रांग तिथेच.

एका ठेल्यावर मोरोक्कोचे एक गृहस्थ बोरूनं अरबीत नावं लिहून देत होते. भाचीच्या नावाच्या शेवटी 'जा' आहे. रोमन लिपीतल्या त्या अक्षराचा उच्चार स्पॅनिशमध्ये 'ख' होतो, त्यामुळे ऑफिसात दोन वर्षं सगळे तिला 'खा' म्हणतायत. "घरी जा म्हणायचे, इथे खा म्हणतात, पाहुणचारात सुधारणा आहे," हा तिचा ठरलेला विनोद. गृहस्थांना तिनं नाव लिहून दाखवलं नाही, नुसतं उच्चारलं. ते एकदा स्वतःशी पुटपुटले आणि मग मोठ्यानं म्हणाले. जरासा 'झा'कडे झुकलेला, पण 'जा'. भाचीचा चेहरा असा उजळला की मी घासाघीस करायची सोडून मागतील तेवढे पैसे दिले.

जुना मोहल्ला चढणीवर आहे. धाप लागली की थांबायला तिथे एक चांगलं निमित्त आहे. भिंतींत जागोजागी चकचकीत फरश्यांचे फलक बसवलेत, त्यांवर गावच्या एका लढाईची गोष्ट. भाची वाचून सांगत होती, मागचंपुढचं पदरचं घालत होती. १४९२ मध्ये ग्रानादा पडलं आणि मुसलमान राजवट संपली. पुष्कळ माणसं मात्र तिथेच राहिली. पुढे त्यांना बाप्तिस्मा देऊन ख्रिस्ती केलं, मोरिस्को म्हटलं. १५६७ मध्ये राजा दुसऱ्या फेलिपेचं फर्मान जाहीर झालं. अरबी बोलायची नाही, लिहायची नाही. तसले कपडे घालायचे नाहीत, बायकांनी तोंड झाकायचं नाही. हमामखाने बंद, लग्नातली ती गाणी आणि ते नाच बंद. १५६८ च्या नाताळात बंड पेटलं आणि १५६९ च्या जूनमध्ये या गावाच्या डोक्यावरच्या डोंगरात लढाई झाली. बंडखोर हरले. हाती लागण्यापेक्षा कित्येकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, असं सांगतात. पुढे ग्रानादाच्या मोरिस्कोंना देशभर पांगवलं, आणि १६०९ पासून तर देशाबाहेरच हाकललं.

तिथून खालचा बाजार दिसत होता. झगे, ओढण्या, डफ, कंबर हलवत नाचणाऱ्या दोन मुली. फर्मानाच्या यादीतलं जवळजवळ सगळं आता रीतसर ठेले मांडून चाललं होतं.

भूक लागली होती. उत्सवात गावातले बार ठरावीक पैशांत एक पेय आणि सोबत एक छोटी ताटली देतात, तिला तापा म्हणायचं. भाचीनं मागवलेली ताटली आली तेव्हा मी म्हटलं, "अगं, हे तर वांग्याचे काप!"

"हो, पण वर मध आहे. उसाचा मध."

उसाचा मध म्हणजे काय? तिथल्या मधमाश्या उसावर बसतात की काय? कुरकुरीत कापांवर काळसर तपकिरी दाट धार नागमोडी सोडलेली होती. बोट लावून चाटलं.

"काकवी!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

माझ्या थोरल्या काकांचं गुऱ्हाळ होतं. काहिलीतला रस आटत आला, मळी काढून झाली, की गूळ व्हायच्या थोडं आधी काका तांब्याभर काकवी बाजूला काढायचे. आम्ही पोरं वाट्या घेऊन उभी. ती गार व्हायची वाट बघण्याइतका दम कुणाला होता? ओठ पोळायचे, आणि घरी आल्यावर आई त्यावर आणखी पोळेल असं बोलायची. काकवी आम्ही भाकरीशी खाल्ली, घावनाशी खाल्ली, पण तळलेल्या वांग्यावर ओतायचं कधी सुचलं नव्हतं. खारट, गोड, थोडं कडवट असं लागतं. सांगायला जिवावर येतंय, पण फार छान लागतं.

काकवीचा कारखाना गावाच्या तोंडाशीच आहे. सोळाव्या शतकातला उमरावांचा वाडा, त्यात तो चालतो. उसाची काकवी करणारा युरोपातला हा शेवटचा कारखाना, असं गावकरी अभिमानानं सांगतात. ऊस इथे आणला अरबांनी. या किनाऱ्यावर शतकानुशतकं उसाचे फड होते आणि गळीत हंगामाला साफ्रा असा खास शब्द होता. किनाऱ्यावरचा शेवटचा साखर कारखाना २००६ मध्ये बंद पडला. आता तिथल्या शेतांत ॲव्होकाडो आणि आंबे आहेत. हे ऐकून कोल्हापूरकर हळहळतील, देवगडकर सावध होतील.

दुसरी ताटली येईपर्यंत भाचीनं कागदी रुमालावर शब्द लिहायला घेतले. साखरेला तिथे असुकार म्हणतात. आपली शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर, आणि अरबीतला 'अल' पुढे चिकटून असुकार. वांग्याला बेरेन्खेना. तेही मूळचं आपल्याकडचंच, इराण आणि अरबस्तान असं मुक्काम करत पोचलेलं. म्हणजे ताटलीत जे होतं, वांगं काय आणि काकवी काय, दोन्ही माझ्याआधी त्याच दिशेनं गेलेलं. शेताला पाणी नेणाऱ्या पाटाला असेकिया. त्याचं अरबी मूळ आणि गझलेतल्या साकीचं मूळ एकच, पाणी पाजण्याचं. आपण त्याला मैफिलीत बसवलं, त्यांनी शेतात पाठवलं. सरपंच म्हणजे आल्काल्दे, म्हणजे आपला काजी. कस्टमला आदुआना, मूळ शब्द दिवाण. आपण दिवाणखान्यात सोफा ठेवतो (तोही अरबीच), ते तिथे बॅगा उघडायला लावतात. दरपत्रकाला तारिफा, आपण त्याच घराण्यातल्या तारीफवर खूश. आणि 'अमका-फलाणा'मधला फलाणा? तो तिथे फुलानो. हा शब्द कळल्यावर मला तो देश एकदम ओळखीचा वाटायला लागला. जिथे फलाणा राहतो तिथे आपलं निभतं.

"आणि मावशी," रुमालाच्या उरलेल्या कोपऱ्यात लिहीत भाची म्हणाली, "हुकूम मोडला तर पकडायला येणारा शिपाई कोण माहितेय? आल्ग्वासील. म्हणजे वजीर."

म्हणजे अरबी बोलला म्हणून ज्याला धरून न्यायचं, त्याला न्यायला येणाऱ्याचं नावच अरबी. मी रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला. त्यावर काकवीचा डाग पडला होता.

रात्री शेवटच्या बसकडे निघालो तेव्हा तो पोरगा ठेला आवरत होता. फेटा खोक्यात, खोकं टेम्पोत. काहीतरी बोलायचं म्हणून भाचीनं त्याला विचारलं, धंदा कसा झाला? "ओखाला उद्या बरा होईल," तो म्हणाला. ओखाला म्हणजे 'होवो तसं'. बसमध्ये भाचीनं सांगितलं, मूळ अरबी, 'अल्लाच्या मनात असेल तर'. इलॅस्टिकचा फेटा उतरवून, उघड्या डोक्यानं बोलला होता तो हे.

येताना काकवीची बाटली आणली. आदुआनात कुणी हटकलं नाही. कोल्हापूरला थोरल्या काकांसमोर वाटीत ओतली आणि म्हटलं, स्पेनची आहे. काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. गुऱ्हाळ बंद होऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी वाटी तिरकी करून धार बघितली, बोट बुडवलं, जिभेवर घोळवलं आणि जरा वेळ आढ्याकडे बघत राहिले.

"चांगली हाय," म्हणाले. "फकस्त चुलवाणाला जाळ जादा झालाय."

आणि बाटली स्वतःकडे ओढून घेतली.