चाक सरळ होतं, पण मधोमध नव्हतं

अमळनेरच्या उन्हात आज सकाळी नऊलाच ओटा तापला होता, तरी पोराची गिअरची सायकल उलटी करून बसलो. मागचं चाक फिरवलं तर कुठंच लचकत नव्हतं, पण रिंग डावीकडच्या ब्रेकच्या रबराला चिकटलेली. पट्टीनं मोजलं: चिमट्यापासून (चाक ज्यात बसतं त्या फ्रेमच्या दोन दांड्या) रिंगेपर्यंत डावीकडे ५ मिमी, उजवीकडे ९.

मी लगेच तारा आवळायला घेतल्या, तेवढ्यात आप्पा म्हणाले, "आधी चाक उलटं करी देख ना, भो!" चाक काढून उलट बसवलं. आता उजवीकडे ५. म्हणजे दोष चाकात, फ्रेम सरळ. फरक डावीकडेच राहिला असता तर दोष फ्रेमचा, आणि तारा आवळून मी चाक उगाच बिघडवून बसलो असतो.

फरक ४ मिमीचा, म्हणजे रिंग फक्त २ मिमी सरकवायची. चाक परत सुलट बसवून, व्हॉल्वपासून सुरुवात करून डावीकडच्या १८ तारा पाव-पाव फेरा सैल आणि गिअरच्या, म्हणजे उजव्या, बाजूच्या १८ तेवढ्याच घट्ट. पहिल्या चार निपल (तारेच्या रिंगेकडच्या टोकाचे छोटे नट) मी चक्क उलट्या दिशेनं फिरवल्या! सायकल उलटी असली की आपलं डोकंही उलटं चालतं. टायरच्या बाजूनं बघायचं, घड्याळाच्या दिशेनं घट्ट.

गिअरच्या बाजूच्या तारा छेडल्या तर टणटण वाजतात, डावीकडच्या जरा ढिल्या. तसंच असतं ते. गिअरला जागा द्यायची म्हणून त्या बाजूच्या तारा जास्त ताणलेल्या असतात.

तिसऱ्या फेरीत ७ आणि ७. बोटांना ग्रीस तसंच, समोर भरीत आणि कळण्याची भाकरी. पोरगं केव्हाच सायकल घेऊन पसार.