सकाळची गोळी

आज सकाळी थायरॉईडची गोळी घेतली, आता चहाला अर्धा तास थांबायचं म्हणून मोबाईलवर प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांबद्दल वाचत बसले आणि चहा राहूनच गेला. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने तिथल्या बिकिनी बेटावर चाचणी म्हणून ब्राव्हो नावाचा हायड्रोजन बॉम्ब फोडला, काही तासांनी रोंगेलाप बेटावर पांढरी राख पडायला लागली, पोरं त्यात चक्क खेळली, प्यायच्या पाण्यात पण ती पडली. लोकांना हलवलं दोन दिवसांनी, तोवर किरणोत्सारी आयोडिन गळ्यातल्या त्या एवढ्याशा ग्रंथीत जाऊन बसलेलं. गाठी दिसायला १९६३ उजाडलं. राख पडली तेव्हा दहा वर्षांच्या आत असलेल्या बहुतेक पोरांना गाठी आल्या, कितीतरी जणांची ऑपरेशनं झाली, मग रोज हीच गोळी. खूप राग येतोय, आणि हात सारखा गळ्याकडे जातोय.