ताळा

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि नेमकं त्याच संध्याकाळी आठवीतल्या लेकीचं गणित अडतं. परवाही तेच. माझा एक कान हौदाकडे, एक डोळा तिच्या वहीवर.

उदाहरण ठरलेलंच. आई आणि मुलीच्या वयांची बेरीज ५४. सहा वर्षांपूर्वी आईचं वय मुलीच्या वयाच्या पाचपट होतं. तर दोघींची आजची वयं काढा. (पुस्तकातली माणसं आपलं वय सरळ का सांगत नाहीत, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.) मुलीचं वय क्ष. ती एक्स म्हणते. माझ्या वडिलांचा क्ष माझ्या जिभेवरून उतरत नाही. आईचं ५४ वजा क्ष. समीकरण तिनं झकास मांडलं:

(५४ − क्ष) − ६ = ५(क्ष − ६)

पुढची ओळ: ४८ − क्ष = ५क्ष − ६. मग ५४ = ६क्ष, क्ष = ९. उत्तराखाली दोन रेघा आणि वही बंद.

पाचानं क्षला गुणलं, सहाला विसरला. पंगतीत एकाला वाढून वाढपी शेजारच्या पानावरून तसाच पुढे जावा, तसं. पण गंमत बघा, उत्तर कसं गोंडस आलं! एखादा वेडावाकडा अपूर्णांक आला असता तर तिलाच शंका आली असती. ९ वर कोण संशय घेणार? शाळेत माझे कितीतरी मार्क अशाच गोंडस उत्तरांनी खाल्लेत.

चूक दाखवायचा मोह आवरला. म्हटलं, "ताळा करून बघ."

"मुलगी नऊ, आई पंचेचाळीस. सहा वर्षांपूर्वी तीन आणि एकोणचाळीस... पप्पा, ही तर तेरापट झाली!"

गेल्या वर्षी गच्चीवर खोली काढली, तेव्हा गवंडीमामा कोपऱ्यातून एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट खूण करायचे. दोन खुणांमधलं अंतर पाच फूट भरलं की कोपरा 'गुण्यात', म्हणजे काटकोनात. पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास तो हाच. समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत हे टेपनं आधीच बघितलेलं, तरी मामांचं समाधान नाही. खोलीचे दोन्ही कर्ण मोजले. दोन इंचांचा फरक निघाला. मामांनी खुंटी उपटली आणि पुन्हा पहिल्यापासून. मी मनात म्हटलं, दोन इंचांनी काय होतंय! फरशी बसवताना कळलं असतं काय होतंय ते.

लेकीनं कंस पुन्हा सोडवला. ५क्ष − ३०. म्हणजे ७८ = ६क्ष, क्ष = १३. आई ४१. सहा वर्षांपूर्वी ७ आणि ३५. जमलं.

"पप्पा, तेरा म्हणजे मीच की!" आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून, "आई, तू एक्केचाळीसची आहेस का गं?"

आत शेंगाचटणी कुटणं चाललं होतं. खलबत्त्याचा आवाज थांबला.

मी हौद भरला का ते बघायला उठलो.