डबीतल्या अक्षता

आमच्या शेजारच्या मामी कुणाच्याही सख्ख्या मामी नाहीत. तमिळ अय्यर ब्राह्मणांमध्ये वयाने मोठ्या बाईला मामीच म्हणतात, आणि डोंबिवलीत 21 वर्षं भिंतीला भिंत लावून राहिल्यावर माझ्या सासूबाईसुद्धा स्वतःपेक्षा चौदा वर्षांनी लहान असलेल्या या बाईला मामी म्हणून हाक मारतात. मामींची लेक अर्धी आमच्या स्वयंपाकघरात वाढली. तिच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा चारही कोपऱ्यांना हळद लावलेली ती पत्रिका आईंनी डोळ्यांपासून लांब धरून वाचली आणि पहिला प्रश्न विचारला, "पौषात लग्न?"

मामी हसल्या. त्यांचं पंचांग सूर्यावर चालतं, संक्रांतीला त्यांचा तै महिना सुरू होतो आणि तिथून लग्नं धडाधड लागतात. "तै पिरंदाल वळि पिरक्कुम," त्या म्हणाल्या. तै उजाडला की वाट निघते. आईंना वाट वगैरे पटली नसावी, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तांदूळ निवडून कुंकवात घोळवले आणि प्लॅस्टिकच्या डबीत भरले. मी म्हटलं, तिकडे देतील की अक्षता. "त्यांच्या ते देतील. आपल्या आपण न्यायच्या."

दादरहून चेन्नई, तिथे एग्मोरहून रात्रीची गाडी, आणि पहाटे कुंभकोणम. आई माहेरच्या नाशिकच्या. इथल्या महामहम तळ्यावर दर बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत असताना मेळा भरतो आणि मागचा 2016 साली झाला, हे मामांनी, म्हणजे मामींच्या यजमानांनी, रिक्षात सांगितलं तेव्हा आईंना एकदम गाव आपलं वाटायला लागलं. सिंहस्थच तो, नुसता गोदेशिवाय.

आदल्या संध्याकाळचं जानवासम म्हणजे आपल्या सीमांतपूजनाच्या जवळचं काहीतरी. नवरदेव सूट घालून फुलांनी मढवलेल्या उघड्या गाडीतून मिरवत आला. ते बरं होतं, पण खरं लग्न पहाटे पाचला कॉफीने सुरू झालं. डवरा नावाच्या पितळी वाटीतून टंबलरमध्ये आणि टंबलरमधून डवऱ्यात अशी ओतत ओतत. माझ्या नवऱ्याने तीन घेतल्या. नंतर दिवसभर कुठलाही विधी चुकला की तो कॉफीच्या टेबलापाशी सापडायचा.

मुहूर्त नऊनंतरचा, कारण सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ. पण त्याआधी नवरदेव चक्क पळून निघाला. धोतर नेसलेला, डोळ्यांत काजळ, एका हातात छत्री, दुसऱ्यात काठी आणि ताडाच्या पानाचा पंखा. संसार नको, काशीला जाऊन शिकतो म्हणे! मंडपाच्या दारापर्यंत गेला, तिथे मामांनी त्याला अडवून आपली मुलगी देऊ केली आणि तो फारसे आढेवेढे न घेता परतला. मला मौज वाटली, आईंना अजिबात नवल वाटलं नाही. "सोडमुंजीत आपला बटू हेच करतो. मामा 'मुलगी देतो' म्हणून परत आणतो." मग जरा थांबून, "इथे नुसतं म्हणत नाहीत, देतात."

मग वधूवरांच्या सख्ख्या मामांनी दोघांना खांद्यांवर उचललं आणि वरून हार घालायची झटापट सुरू झाली. आपली पोरगी डोंबिवली स्टेशनात तयार झालेली, ती कसली हरते. लोक ओरडत होते, शिट्ट्या पडत होत्या. हार पडले! आईंना वाटलं, लागलं लग्न. त्यांनी डबी उघडली आणि मूठभर लाल अक्षता भिरकावल्या. त्या कॅमेरावाल्याच्या डोक्यावर पडल्या. त्याने वर पंख्याकडे पाहिलं.

इथे मला आमची अडचण लक्षात आली. आपल्या लग्नात पाहुण्याला एकच काम असतं, पण ते पक्कं असतं. अंतरपाट धरला की उभं राहायचं, 'सावधान' म्हटलं की तांदूळ टाकायचे, अंतरपाट सरला की टाळ्या वाजवून जेवायला पळायचं. मंगलाष्टकं कितीही बेसूर असली तरी कुठे आहोत ते कळतं. इथे तशी खूणच नाही. स्टेजवर धूर, वाध्यार म्हणजे त्यांचे भटजी, आईवडील, वधूवर. खाली खुर्च्यांवर तीनशे माणसं मजेत गप्पा मारतायत, मुलं पळतायत, आणि कुणी कुणाला गप्प बसा म्हणत नाही. मी आधी मनात नावं ठेवली. तासाभराने मीही शेजारच्या बाईला मुरुक्कूची, म्हणजे त्यांच्या चकलीची, कृती विचारत होते.

झोपाळ्यावर दोघांना बसवलं, बायका लाली नावाची झोपाळ्याची गाणी गायला लागल्या. दूध आणि केळ्याचे तुकडे भरवून झाले. मग पच्चै पिडी: लाल, पिवळे, पांढरे भाताचे गोळे घेऊन झोपाळ्याभोवती फिरायचं आणि ते ओवाळून चार दिशांना टाकायचे. मामींनी मला हाताला धरून ओढलं. आईंना ओढलं नाही. सवाष्णींचंच काम ते. आईंनी खुर्ची जरा मागे घेतली, मला सांगितलं, "जा, पदर खोच." आपल्याकडे काही वेगळं असतं अशातला भाग नाही, आपली हळदीकुंकवं आठवा. पण गोळे टाकताना माझं लक्ष त्या खुर्चीकडे होतं, आणि माझा एक गोळा मांडवाच्या खांबाला जाऊन चिकटला.

परत आले तर आईंभोवती तीन म्हाताऱ्या. त्यांचा विषय नऊवारी. त्यांचीही नऊ वारांचीच, मडिसार, पण अय्यर बायकांचा पदर उजव्या खांद्यावर आणि अय्यंगार बायकांचा डाव्या. आईंचा अर्थातच डावा. त्यामुळे एकीने ठरवून टाकलं होतं की आई अय्यंगार आहेत. आई मान डोलावत होत्या! तेवढ्यात तिसरी म्हातारी मराठीत बोलली. मराठीतच, पण हेल सगळा तमिळ, आणि काही शब्द असे की माझ्या आजीनंतर मी ऐकलेच नव्हते. व्यंकोजीराजांनी 1676 च्या सुमारास तंजावरला गादी स्थापली आणि त्या राज्याबरोबर जी घराणी इकडे रुजली, त्यांतली ती. तिच्या घराण्याने घरच्या घरी साडेतीनशे वर्षं सांभाळलेलं मराठी आणि आईंचं नाशिकचं मराठी, दोन्ही एकमेकांना अंदाजाने उत्तरं देत होती. तंजावरच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी 1803 साली भोसल्यांची अख्खी बखर मराठीत कोरून घेतली आहे, ती आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिली. शिलालेख भव्य आहे, पण पदर ओढून बोलत नाही.

या गप्पांतच ते झालं. वधू कूरै पुडवै ही लग्नाची गडद लाल साडी नेसून वडिलांच्या मांडीवर बसली होती, एवढं मी पाहिलं होतं. अचानक वाध्यारांनी बोट उंचावून हलवलं, कुणीतरी "केट्टीमेळम! केट्टीमेळम!" ओरडलं, आणि नादस्वरम आणि तविल, म्हणजे त्यांची सनई आणि ढोल, असे काही फुटले की आईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. त्या क्षणी कुणाची शिंक, कुणाचं अभद्र बोलणं कानी पडू नये म्हणून हा कल्लोळ. नवरदेवाने ताळीची, म्हणजे त्यांच्या मंगळसूत्राची, पहिली गाठ मारली, पुढच्या दोन त्याच्या बहिणीने. सगळीकडून पिवळ्या अक्षता उडाल्या. अर्ध्या मिनिटात संपलं. आईंचे हात अजून कानांवर, डबी मांडीवर, बंद.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"सांगायचं तरी!"

हे नादस्वरम जवळच्याच नरसिंगपेट्टै गावात बनतं, असं वाजवणाऱ्यांपैकी एकाने नंतर खुणांनी आणि थोड्या हिंदीत सांगितलं. लाकूड आच्छा नावाच्या झाडाचं, म्हणजे आपला अंजन, आणि तेही पाडलेल्या जुन्या घरांतून काढलेलं. ताजं चालत नाही. घराची तुळई शेवटी लग्नात ओरडते, हे मला फार आवडलं.

जेवणाबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. केळीच्या पानावर डाळ-तूप-भात, सांबार-भात, रसम-भात, मग पायसम, मग ताक-भात. माझा नवरा सांबार-भातापर्यंत पोळीची वाट पाहत हात राखून होता. रसम आल्यावर त्याने मला खालच्या आवाजात विचारलं, "पोळी शेवटी वाढतात का?" मी हो म्हटलं. मला त्याच्या वाटची अप्पळं, म्हणजे तिकडचे पापड, हवी होती. आईंनी जेवून पान पलीकडे दुमडलं, तर वाढप्याने पटकन ते उलगडून आमच्या बाजूला दुमडलं. पलीकडे दुमडतात ते दुखवट्याच्या जेवणाला.

संध्याकाळी नलंगु. वाध्यार नाहीत, मंत्र नाहीत, नुसता खेळ. सतरंजीवर समोरासमोर बसून नारळ गडगडत एकमेकांकडे ढकलायचा, एकमेकांच्या डोक्यावर अप्पळं फोडायची. मध्ये बायका वधूला गाणं म्हणायला लावतात. ही पोरगी गाण्यात ढ. आधी नाही नाही म्हणाली. मग तिने गर्दीत मान उंचावून शोधलं आणि खणखणीत मराठीत हाक मारली, "आजी, पुढे या ना!"

आई उठल्या. माणसांनी वाट दिली. सतरंजीच्या अगदी कडेला, नवरदेवाच्या बहिणीशेजारी त्यांना बसवलं. पोरीने केसांतला अप्पळाचा चुरा झटकला आणि गाण्याऐवजी उखाणा घेतला:

"डोंबिवली फास्टच्या दारात उभी राहिले वर्षं चार,
आमच्या रावांचं नाव घेते, अप्पळं फोडून झाली फार."

'आमच्या' म्हणाली तिथे तिने खरं नाव घेतलं होतं, त्याला 'राव' जोडून. नवरदेवाला फक्त आपलं नाव कळलं. तो उगाच लाजला. मंडपात सगळे "काय म्हणाली, काय म्हणाली" करत होते आणि हसत होतो आम्ही तिघं, मामी, आणि पाचव्या रांगेतून ती तंजावरची म्हातारी, सगळ्यांत मोठ्याने.

आईंनी डबी उघडली. या वेळी कुणाला विचारलं नाही. उरलेल्या अक्षता दोन्ही हातांनी दोघांच्या डोक्यावर टाकल्या, डबी उलटी करून तळावर दोनदा टिचकी मारली, आणि झाकण लावून ती पिशवीत ठेवली.