हापाओत मजुरीचा रकाना कोराच राहिला

लॉस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत मी होते, तेव्हाची गोष्ट. फिलिपिन्सच्या उत्तरेकडे इफुगाओ प्रांतात, हुंगदुआन तालुक्यातल्या हापाओ गावी तिनावोन भाताची माहिती घ्यायला आम्ही गेलो होतो. थंडी सोसणारं हे जुनं भात वर्षातून एकदाच येतं.

पोचलो ते नेमके कापणी आटोपल्यावरच्या पाळणुकीच्या दिवशी. खाचरात कुणी पाय ठेवायचा नाही. मग एका आजींनी आम्हाला कोठारापाशीच बसवलं. लोंबी अगदी टोकापर्यंत भरली आहे का, हे त्या नखानं दाणा दाबून बघत आणि पसंत पडली की बियाण्याच्या पेंढीत सरकवत.

माझ्याकडे छापील फॉर्म. उत्पादन किलोत? "आम्ही पेंढ्या मोजतो." लावणीची तारीख? आजी हसल्या. "आधी तुमोनाचं, म्हणजे लावणीचा पहिला मान असलेलं, घर लावतं, मग बाकीचे. कापणीही त्यांच्यानंतरच." मजुरी? इर्जिक सगळी, आज तुझ्या बांधावर, उद्या माझ्या, आणि ज्याचं शेत त्याच्याकडे जेवण.

मी मध्येच डोंगरउतारावर पायऱ्यांसारख्या बांधलेल्या या खाचरांच्या वयाचा विषय काढला. पाठ्यपुस्तकांत दोन हजार वर्षं असत. पण इफुगाओतल्याच जुन्या कियांगान या वस्तीच्या उत्खननानंतर काही पुरातत्त्वज्ञ म्हणतात की इथली पाण्यातली भातशेती साधारण चारशे वर्षांची. स्पॅनिश सखल भागात घुसले, तशी माणसं डोंगरात सरकली आणि आधी जिथं अळू होतं तिथं भात आलं. बरोबरच्या तरुण मास्तरांना हे मुळीच रुचलं नाही. मला मात्र पटतं. इतका डोंगर चारशे वर्षांत बांधून काढायचा, वर स्पॅनिशांना नीट पाय रोवू द्यायचे नाहीत, याला केवढी एकजूट लागली असेल!

ती एकजूट दुपारी नदीवर दिसली. पुन्नुक, म्हणजे कापणीनंतरची पाण्यातली रस्सीखेच! शेजारच्या वस्त्या दोन काठांवर, मध्ये पेंढ्याची वळलेली जाड गुंडाळी आणि आकडेवाली लांब काठी. आरोळी ठोकून दोन्हीकडचे पाण्यात उतरले, घसरले, पुन्हा उठून ओढू लागले. २०१५ साली युनेस्कोनं या खेळाची नोंद घेतली. खाचरांची १९९५ सालीच घेतली होती. पुढे २००१ साली ती खाचरं धोक्यातल्या वारशांच्या यादीत गेली आणि २०१२ साली बाहेर आली. मला कुणी ओढायला घेतलं नाही. बरंच झालं, प्रवाहाला चांगलाच जोर होता.

शेवटी ती गुंडाळी नदीत सोडून दिली. बागियो शहरातून रजा काढून आलेली पोरं ओल्या कपड्यांनीच जीपनीच्या, म्हणजे तिथल्या प्रवासी गाडीच्या, टपावर चढली. पावसात बांध ढासळला तर पुन्हा रजा मिळेल का, असं घरचे त्यांना खालून ओरडून विचारत होते.